तेलविहिरीत हजारो मीटर खाली खडक कसा आहे, हे कळतं कसं? कॅमेरा सोडतात का?

कॅमेरा तिथे सहसा चालत नाही. खोदकामाच्या वेळी विहीर ड्रिलिंग मडने, म्हणजे दाट, गढूळ द्रवाने भरलेली असते. तो काढून टाकावा म्हटलं तर तेही जमत नाही, कारण खालच्या वायूचा आणि पाण्याचा दाब त्याच्याच वजनाने अडलेला असतो. मग खडक वाचायचा तो वीज, आवाज आणि किरणोत्सर्गाच्या आधाराने. माझं रोजचं काम हेच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात आंरी डॉल आणि सहकाऱ्यांनी केबलला इलेक्ट्रोड लावून विहिरीत सोडले आणि थांबत थांबत खडकाचा विद्युतरोध मोजला. पद्धत श्लुम्बर्जे या फ्रेंच संशोधक बंधूंची. आकडे हाताने कागदावर उतरवले. पहिला विद्युत लॉग, म्हणजे खोलीनुसार केलेली मोजमापांची नोंद, तो हा.

खडकाच्या छिद्रांतलं खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल आणि वायू नेत नाहीत. म्हणून रोध वाढला की कान टवकारायचे. पण छिद्रंच नसलेला घट्ट चुनखडकही तसाच रोध दाखवतो! एकट्या लॉगवर विश्वास ठेवू नये, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवसापासून सांगतो. गॅमा लॉगवरून, म्हणजे खडकाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या नोंदीवरून, शेल (चिकणमातीचा खडक) आणि वाळूखडक वेगळे काढता येतात. घनतेचं उपकरण सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाचे गॅमा किरण खडकात सोडतं आणि किती परत आले ते मोजतं, तर न्यूट्रॉनचं उपकरण मुख्यतः हायड्रोजनला प्रतिसाद देतं. छिद्रांत वायू असेल तर घनतेवरून सच्छिद्रता जास्त दिसते आणि न्यूट्रॉनवरून कमी, त्यामुळे लॉगवर दोन रेषा एकमेकींना ओलांडून जातात. स्वच्छ वाळूखडकात ही खूण दिसली की मला अजूनही तितकाच आनंद होतो. सच्छिद्रता आणि रोध हाती आले की छिद्रांत पाणी किती, याचं गणित आर्ची या अमेरिकी अभियंत्याने १९४२ मध्ये मांडलेल्या सूत्राने करतात. शेल मिसळलेल्या खडकात मात्र ते जसंच्या तसं लागू पडत नाही.

आता विहिरीच्या भिंतीच्या प्रतिमेबद्दल. एका प्रचलित उपकरणाच्या पॅडवर, म्हणजे भिंतीला टेकणाऱ्या पट्ट्यांवर, मिळून १९२ बारीक इलेक्ट्रोड असतात. पॅड भिंतीला दाबून उपकरण वर ओढत आणतात, आणि साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचे बारकावे उमटतात. गुंडाळलेला कागद तिरका कापून उलगडला की कडा लाटेसारखी दिसते. तिरका थर किंवा भेगही प्रतिमेत तशीच दिसते. लाट जितकी उंच तितका उतार तीव्र, आणि तिचा तळ ज्या दिशेला त्या दिशेला तो थर उतरतो. मड तेलाचा असेल तर वीज पुढे जात नाही. मग त्यासाठी बनवलेली वेगळी उपकरणं वापरतात, किंवा फिरत्या ट्रान्सड्यूसरने ध्वनिलहरी सोडून भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी टिपतात.

उभ्या विहिरीची भिंत समोरासमोरच्या दोन बाजूंना ढासळलेली दिसली, तर जमिनीतला आडवा ताण त्या दिशेला सर्वांत कमी आहे, असं समजतात. पुढची विहीर कोणत्या दिशेने वळवायची, हे ठरवताना ही माहिती फार मोलाची ठरते.

आणि रंगांना भुलू नका. ते संगणकाने दिलेले असतात. गडद म्हणजे वीज वाहणारं, फिकट म्हणजे रोधक. गडद भेग मडने भरलेली, म्हणजे उघडी असू शकते, किंवा चिकणमातीने बुजलेलीही. तेवढ्यासाठी मी सोनिक (ध्वनीच्या) लॉगवरची स्टोनली लहर, म्हणजे विहिरीच्या भिंतीलगत जाणारी ध्वनिलहर, बघतो. उघड्या भेगेपाशी ती बऱ्याचदा क्षीण होते किंवा परत फिरते.