अतिनील लेसर डायोड: शोधण्याआधी आणि सापडल्यावर

लेसर डायोडविषयी आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रे लांब होती, प्रश्न तेवढे ठेवले आहेत.

प्रश्न (पुणे): ब्लू-रे ड्राइव्हमधला ४०५ नॅनोमीटरचा डायोड जुन्या बाजारात सहज मिळतो. ३७५ चा मात्र परवडत नाही. अवघ्या ३० नॅनोमीटरसाठी एवढा फरक का? आणि त्याखालचे तर दिसतच नाहीत.

उत्तर: ४०५ स्वस्त झाला तो करमणुकीमुळे. जपानच्या निचिया कंपनीने १९९९ मध्ये जांभळे लेसर डायोड विकायला काढले. २००६ मध्ये ब्लू-रे आणि प्लेस्टेशन ३ आले आणि हे डायोड घरोघरी पोचले. ३७५ च्या नशिबात असे काही नव्हते. रक्तपेशी मोजणारी फ्लो सायटोमीटर यंत्रे, सर्किट बोर्डावर थेट लेसरने नक्षी उमटवणारी यंत्रे, काही सूक्ष्मदर्शक, एवढेच त्याचे गिऱ्हाईक. त्यामुळे कंपनीकडून नवा घ्यायला गेलात तर किंमत हजारो डॉलरपर्यंत जाते.

पण दोष एकट्या बाजाराचा नाही. प्रकाशाच्या कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये घेऊन तिने १२४० ला भागले की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. हे डायोड ज्या गॅलियम नायट्राइडचे असतात त्यातली ऊर्जेची फट (प्रकाश देताना इलेक्ट्रॉन जेवढी उडी खाली मारतो ती) ३.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणजे ३६५ नॅनोमीटरला भिंत. ४०५ च्या डायोडमध्ये थोडे इंडियम मिसळलेले असते आणि स्फटिकातले दोष पचवायला त्याचीच मदत होते: इंडियम जास्त असलेल्या ठिपक्यांत इलेक्ट्रॉन अडकतात आणि दोषांपर्यंत पोचण्याआधी प्रकाश देऊन मोकळे होतात. ३७५ ला इंडियम जवळपास संपते. मग तेच इलेक्ट्रॉन दोषांवर जाऊन नुसती उष्णता करतात. भिंतीच्या खाली जायचे तर ॲल्युमिनियम घालावे लागते. त्याने थर ताणून तडकतात, शिवाय मॅग्नेशियम घालून पी-प्रकारचा (धन प्रभार वाहून नेणारा) थर करणे अवघड होत जाते. नागोया विद्यापीठ आणि असाही कासेई यांनी २०१९ मध्ये २७१.८ नॅनोमीटरचा डायोड स्पंदांवर चालवून दाखवला आणि २०२२ मध्ये साध्या तापमानाला अखंड चालवला. ही प्रयोगशाळेतली कामगिरी आहे. तेव्हा ‘२८० नॅनोमीटर लेसर डायोड, घरपोच’ अशी जाहिरात दिसली तर तो एलईडी असणार, नाहीतर थाप. ३५५ चे लेसर मिळतात, पण त्यांत १०६४ चा किरण स्फटिकांतून नेऊन एक तृतीयांश तरंगलांबीचा केलेला असतो. ते आख्खे यंत्र असते, डायोड नव्हे.

प्रश्न (नाशिक): घरी सर्किट बोर्ड करण्यासाठी ड्राय फिल्मवर (तांब्यावर चिकटवायच्या, प्रकाशाने कडक होणाऱ्या पापुद्र्यावर) लेसरने नक्षी उमटवायची आहे. फिल्मच्या माहितीत ३६५ नॅनोमीटर लिहिले आहे. ३७५ चाच डायोड लागेल ना?

उत्तर: नाही, इथे ताकावर तहान भागते. ड्राय फिल्म ३६५ ला जास्त आणि ४०५ ला कमी संवेदनशील असते, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. हिशेब करून पाहा. १० बाय १० सेंटीमीटरचा बोर्ड, दर चौरस सेंटीमीटरला ५० मिलिजूल, म्हणजे एकूण ५ जूल. २० मिलिवॅटला २५० सेकंद. ४०५ ला चौपट मात्रा धरली तरी सतरा मिनिटांच्या आत काम होते. पैसे ठिपक्याच्या आकारावर घाला. जास्त शक्तीचे मल्टिमोड (रुंद पट्टीतून प्रकाश सोडणारे) डायोड लांबुडका ठिपका देतात, मग आडव्या आणि उभ्या रेषांची जाडी वेगळी येते. ब्लू-रेमधला सिंगल मोडच (बारीक ठिपक्याचा) घ्या.

प्रश्न (मडगाव): ३७५ म्हणून ऑनलाइन घेतलेल्या मॉड्यूलचा ठिपका कागदावर निळा-जांभळा लख्ख दिसतो. फसलो का?

उत्तर: कागदावरून काहीच ठरत नाही. झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणा आणणारे द्रव्य असते आणि ते ३७५ ला काय, ४०५ ला काय, निळे चमकतेच. साबण पावडरने धुतलेला शर्टही तसाच. प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप एका पट्टीवर पाच-सहा पदर गुंडाळा आणि किरण तिच्यावर टाका. टेफ्लॉन चमकत नाही. तिच्यावरही ठळक जांभळा ठिपका दिसला तर तो ४०५ असण्याचीच शक्यता दाट. ३७५ असेल तर जेमतेम काही दिसेल. (चष्मा लावूनच, पण ३७५ अडवणारा आणि जांभळा आरपार जाऊ देणारा, नाहीतर ठिपका दिसणारच नाही. ठिपक्याकडे तिरके आणि लांबून पाहा.)

खात्री करायची तर मिलिमीटरला १००० रेघा असलेली ग्रेटिंग फिल्म (तरंगलांबीप्रमाणे किरण वेगवेगळ्या कोनांत वळवणारी) घ्या. किरण तिच्यावर सरळ पाडा आणि बरोबर १ मीटरवर कागद लावा. मधल्या ठिपक्यापासून बाजूचा ठिपका ४०५ ला ४४.३ सेंटीमीटरवर पडतो, ३७५ ला ४०.५ वर. जवळपास चार सेंटीमीटरचा फरक साध्या पट्टीने कळतो. आधी हिरव्या ५३२ च्या पॉइंटरने मांडणी तपासा: ठिपका ६२.८ वर आला पाहिजे. नाही आला तर फिल्म तिरकी आहे किंवा अंतर चुकले आहे. जांभळाही अडवणारा नारिंगी चष्मा लावणार असाल तर कागदाचा निळा उजेडही त्यात अडतो, म्हणून कागदावर नारिंगी किंवा गुलाबी हायलायटरची पट्टी ओढा. हिरव्या पॉइंटरच्या खुणा मात्र तो चष्मा लावायच्या आधी करून ठेवा.

यंत्रातून काढलेला जुना डायोड घेताना विक्रेत्याकडे चार-पाच प्रवाहांवरची शक्तीची मोजणी मागा. आलेखात गुडघा हवा: आधी जवळपास काही नाही, मग एकदम सरळ चढ. गुडघा नसेल तर डायोड मेलेला आहे.

प्रश्न (कोल्हापूर): एलएम३१७ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपवर ५० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर (डायोडला ठराविक प्रवाह देणारे सर्किट) केला, १२ व्होल्टवर चालू केला, मग डायोडच्या तारा टेकवल्या. आता नुसता मंद पसरट उजेड येतो. प्रवाह तर बरोबर आहे.

उत्तर: प्रवाह आत्ता बरोबर आहे. तारा टेकवल्या त्या क्षणी नव्हता. तारा मोकळ्या असताना एलएम३१७ चे आउटपुट पुरवठ्याच्या जवळ चढते आणि तिथला कपॅसिटर तेवढाच भरतो. तारा टेकताच तो सगळा ५ व्होल्टच्या डायोडमध्ये रिकामा होतो. प्रकाश बाहेर पडतो तो आरशासारखा काठ भाजला की लेसर संपतो आणि उरतो एक महागडा एलईडी. तुमचा तसाच झाला आहे.

पुढच्या वेळी लेसर डायोडच्या जागी आधी १एन४००७ या साध्या, स्वस्त प्रकारचे ७ डायोड आणि १ ओमचा रेझिस्टर एका माळेत लावा. रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. प्रवाह ठरवणारा रेझिस्टर म्हणजे १.२५ भागिले प्रवाह: २७ ओमला ४६ मिलिअँपिअर, २४ ला ५२. पहिल्यांदा २७ च लावा. पुरवठा किमान ८ व्होल्टचा हवा, कारण ५ व्होल्ट डायोडला आणि ३ एलएम३१७ ला. लिथियमच्या दोन सेल मालिकेत लावल्या तर अर्ध्या वाटेतच कमी पडतात. मग वीज बंद, कपॅसिटरच्या टोकांना तार लावून तो रिकामा, आणि त्यानंतर लेसर डायोडचे सोल्डरिंग. तोवर डायोडच्या पायांना बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असू द्या, ती सगळ्यात शेवटी काढा. सोल्डरिंग गनला अर्थिंग हवेच. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण मागे अर्थची तार नसते, तेवढे तपासा.

आणखी एक. या डायोडचे झाकण काढू नका आणि लेन्स बसवायला सुपरग्लू वापरू नका. इतक्या लहान तरंगलांबीचा प्रकाश गोंदाची, सिलिकॉनची वाफ फोडून तिचा थर काचेवर चढवतो.

प्रश्न (जळगाव): झिओलाइट खनिजांसोबत मिळणारे कॅल्साइटचे तुकडे अतिनील प्रकाशात पाहायचे आहेत. कोणता डायोड घेऊ?

उत्तर: लेसर घेऊच नका. ३६५ नॅनोमीटरचा एलईडी टॉर्च घ्या, त्यावर झेडडब्ल्यूबी२ ही काळी काच हवी, नाहीतर टॉर्चचाच जांभळा उजेड दगडाची चमक झाकतो. कोणता तुकडा चमकेल ते त्यातल्या अशुद्धीवर ठरते.

प्रश्न (ठाणे): कारखान्यातला पॉलिकार्बोनेटचा स्वच्छ चष्मा अतिनील अडवतो असे म्हणतात. तो चालेल का?

उत्तर: ३७५ बराचसा अडतो, ४०५ काही प्रमाणात आरपार जातो. दोन्हींसाठी तो लेसरचा चष्मा नाहीच. ३७५ दिसत नसल्यामुळे डोळा मिटत नाही, बाहुली आकुंचत नाही आणि मार बसतो तो डोळ्याच्या भिंगाला, म्हणजे मोतीबिंदूच्या जागी. चष्म्यावर तरंगलांबीची व्याप्ती आणि ओडी (प्रकाश किती पट अडतो तो आकडा) दोन्ही पाहा. ओडी ४ म्हणजे दहा हजारांतला एक भाग आत येतो: ७० मिलिवॅटचे ७ मायक्रोवॅट. हे आकडे काचेवर किंवा दांडीवर कोरलेले नसतील, नुसतेच पाकिटावर छापलेले असतील, तर चष्मा परत करा.