अकराव्या दिवसाची तलफ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारा वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी, आणि आज सोडून अकरावा दिवस. पहिला आठवडा सुट्टी टाकून घरीच काढलास, तो निभावला. आता ऑफिस सुरू झालंय आणि संध्याकाळी ऐरोली स्टेशनबाहेर मित्रांबरोबर चहाला थांबलं की जीव कासावीस होतो. रात्री झोप नाही, हात थरथरतात. तू विचारतोस की निकोटीन तीन दिवसांत अंगातून जातं म्हणतात, मग हे काय, माझंच काही बिघडलंय का? आणि शुक्रवारी ऑफिसातल्या मित्राची निरोपाची पार्टी आहे, तिथे एकच ओढली तर सगळं वाया जाईल का?

तुझं काहीही बिघडलेलं नाही. तू एकतीसचा, माझा पुतण्या तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो, रबाळे एमआयडीसीत टूलरूमला आहे. एकोणीस वर्षं ओढली. दोनदा सोडली आणि दोनदा परत धरली. तिसऱ्यांदा, नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडली, तेव्हापासून एकही नाही. पहिल्या दोन वेळा जे मला कळलं नव्हतं तेच सांगतो.

निकोटीनचं तू ऐकलंस ते खरं आहे. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांत अंगात नावालाही उरत नाही. पण त्या निकोटीनसाठी मेंदूने वर्षानुवर्षं जी जास्तीची जागा करून ठेवलेली असते, ती आवरायला काही आठवडे लागतात. चिडचिड, कामात लक्ष न लागणं, सारखी भूक, उगाच उदास वाटणं हे सगळं पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि तीन-चार आठवड्यांत उतरत जातं. तू त्याच्या मधोमध आहेस.

टपरीवर होतं ते मात्र वेगळं आहे. झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. म्हणजे तू जिथे उभा असशील, हातात जो ग्लास असेल, शेजारी जो मित्र असेल, त्या सगळ्याची त्या सुखाशी तिथल्या तिथे गाठ बसते. रोजच्या दहाच धरल्या तरी बारा वर्षांत ४३,०००च्या वर सिगारेटी होतात. त्यातल्या कितीतरी त्याच टपरीवर, त्याच वेळी ओढल्यास. शरीराची भूक दिवसांनी कमी होते, या गाठी नुसते दिवस गेल्याने सुटत नाहीत. त्या जागी न ओढता उभं राहिल्यावर सुटतात. पहिल्या आठवड्यात तू त्या जागी गेलाच नव्हतास. म्हणून तुला वाटतंय की त्रास वाढला. वाढला नाही, तो तिथेच तुझी वाट बघत होता.

म्हणून मी तुला दिवस मोजू नकोस असं सांगेन. जागा मोज.

मी एका कागदावर माझ्या जागा लिहून काढल्या होत्या. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी. कोपरीहून स्टेशनला जातानाचा रस्ता. कंपनीच्या गेटसमोरची टपरी. जेवणानंतर शेडच्या मागची भिंत. गावाहून भावाचा फोन आला की गॅलरी. रविवारी मटण झालं की जिन्याखाली. रात्रपाळीत रात्रीचे तीन वाजले की. अशा आठ-नऊ निघाल्या. त्या कागदाकडे बघून पहिल्यांदाच मला बरं वाटलं, कारण तोपर्यंत वाटत होतं की चोवीस तास सिगारेट डोक्यात आहे. चोवीस तास नव्हती, आठ-नऊ जागी होती.

त्यातल्या टाळता येतील त्या जागा पहिले दोन-तीन आठवडे सरळ टाळल्या. यात कमीपणा काही नाही. स्टेशनला दुसऱ्या गल्लीने गेलो. जेवण झालं की शेडच्या मागे न जाता डबा धुवायला नळावर, तिथून थेट मशीनवर. भावाला सांगितलं की महिनाभर मीच तुला फोन करीन, आणि मी तो चालताना करायचो. ज्या टाळता येत नव्हत्या तिथे काहीतरी बदललं. सकाळचा चहा खिडकीपाशी न घेता खाली जमिनीवर बसून घेतला. बायकोला एकच विनंती केली, की रोज 'आज ओढली नाही ना?' असं विचारू नकोस. तो प्रश्न प्रेमाचा असतो, पण विचारला की तलफ नसली तरी आठवण होते. तिने विचारायचं सोडलं आणि संध्याकाळी मी घरात आलो की नुसतीच शेजारी येऊन बसायची.

तलफ किती वेळ टिकते हे स्वतः मोजून बघ, दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नकोस. मी ठाणे स्टेशनवर वाशी गाडीत चढताना मोजायचो. तेव्हा मधलं दिघा गाव स्टेशन झालेलं नव्हतं, ठाण्यानंतर एकदम ऐरोली. ठाण्याला गाडी सुटताना छातीत जे उठायचं ते ऐरोली येईपर्यंत बहुतेक वेळा ओसरलेलं असायचं. आपण ओढू अथवा न ओढू, ती लाट काही मिनिटांतच खाली येते. ओढणाऱ्याला वाटतं सिगारेटने शांत केलं. मला एकोणीस वर्षं तसंच वाटत होतं.

तेवढी मिनिटं हात आणि तोंड रिकामं ठेवू नकोस. थंड पाणी घोट घोट पी. लवंग किंवा ज्येष्ठमधाची काडी दाढेखाली धर. भाजलेली बडीशेप-ओवा खिशात पुडीत असू दे. जागेवरून ऊठ आणि जिना उतरून परत चढ, याचा फरक लगेच पडतो. एक मात्र हात जोडून सांगतो, सुपारीकडे वळू नकोस. सिगारेट सोडून सुपारी किंवा तंबाखूची पुडी धरलेले तिघे माझ्या शेडमध्येच आहेत. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे.

आता झोप आणि थरथरणारे हात. तू दिवसाला सहा-सात कटिंग घेतोस असं लिहिलंयस आणि वर ऑफिसमधली कॉफी. माझ्या मते तुझा अर्धा त्रास तिथे आहे. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन नेहमीपेक्षा भरभर निकालात काढतं. हे निकोटीनमुळे होत नाही, धुरातल्या इतर द्रव्यांमुळे होतं. ओढणं थांबलं की आठवड्याभरात यकृताचा तो वेग खाली येतो, आणि पूर्वीइतकाच चहा घेतला तरी रक्तात कॅफीन जवळजवळ दुप्पट साठून राहतं. मग छातीत धडधड, हात थरथर, रात्री टक्क डोळे. आणि आपण म्हणतो, सिगारेट सोडली म्हणून हे झालं, एक ओढली की बरं वाटेल. दुसऱ्या वेळी मी नेमका इथेच घसरलो, सतराव्या दिवशी, रात्रपाळीत. चहा निम्म्यावर आण. संध्याकाळी पाचनंतर बंद. दोन-तीन रात्रींत फरक कळेल.

यावरूनच आणखी एक. दमा, मधुमेह किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. काही औषधांचं प्रमाण अशाच कारणाने बदलावं लागतं. तू काही लिहिलेलं नाहीस, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

निकोटीनची गोळी, म्हणजे गम, घेऊन बघितली आणि उचकी लागून पोटात जळजळ झाली म्हणून फेकली, असं तू म्हणतोस. बबलगमसारखी चघळलीस का? ती तशी चघळायची नसते. हळूहळू काही वेळा चावायची, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडी चावायची, दुसऱ्या बाजूला ठेवायची. अर्धा तास असं. निकोटीन तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. भरभर चघळलं की ते लाळेबरोबर पोटात जातं आणि उचकी, जळजळ, मळमळ होते. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत नको, आंबटपणामुळे निकोटीन तोंडात शोषलं जात नाही. म्हणजे टपरीवर चहा पिऊन लगेच गोळी तोंडात टाकलीस तर ती वायाच. दोन मिलिग्रॅमची मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ती बहुधा कमी पडते. तेव्हा डॉक्टरांकडे जा, ते चार मिलिग्रॅमची देतील किंवा कातडीवर लावायची निकोटीनची पट्टी, गिळायच्या गोळ्या सुचवतील. औषध घेऊन सोडली तर ते खरं सोडणं नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मी दहा आठवडे गम वापरली.

फोनचंही सांगतो. सप्टेंबर २०१८ पासून पाकिटांवर १८००-११-२३५६ हा नंबर छापून येऊ लागला. माझ्या शेवटच्या पाकिटावर तो होता आणि मी त्याच पाकिटावरून तो फिरवला. तंबाखू सोडायला मदत करणारी राष्ट्रीय सेवा आहे, फोनला पैसे पडत नाहीत. मला वाटलं होतं उपदेश ऐकावा लागेल. समोरच्या बाईंनी आधी विचारलं, 'सगळ्यात अवघड वेळ कुठली?' जागांचा कागद मी त्या फोननंतर लिहिला.

खोकला वाढेल, तोंड येईल, पोट साफ होणार नाही. काही आठवड्यांत जातं, घाबरू नकोस. वजन चार-पाच किलो वाढू शकतं, त्याची चिंता तीन महिन्यांनी कर. पण उदासी दोन आठवड्यांच्या वर तशीच राहिली किंवा जगण्याचा कंटाळा आला असं वाटलं, तर एकट्याने सोसू नकोस. डॉक्टरांकडे जा, नाहीतर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेला, फोन कर. सिगारेट हे दुःख दाबून ठेवते, माझ्या बाबतीतही ठेवत होती.

तिसऱ्या आठवड्यापासून मी टाळलेल्या जागी मुद्दाम परत जाऊ लागलो, एका वेळी एक. गेटसमोरच्या टपरीवर पहिल्यांदा गेलो तो पोट भरलेलं असताना, न ओढणाऱ्या सहकाऱ्याबरोबर, आणि पाचच मिनिटांसाठी. हात थरथरत होते. चौथ्या-पाचव्या खेपेला ती नुसती चहाची टपरी झाली. प्रत्येक खेपेला कागदावर त्या जागेपुढे एक रेघ मारायचो. रात्रपाळीच्या तीनपुढे सगळ्यात जास्त रेघा लागल्या. आणि कागदावर जी जागाच नव्हती ती जूनमध्ये आली. सात महिने झाले होते, सगळं संपलं असं धरून चाललो होतो, आणि येऊरच्या रस्त्यावर बाईक लावून झाडाखाली उभा असताना पहिला पाऊस आला. ओल्या मातीचा वास आणि जोडीला तलफ, इतकी जोरात की डोळ्यांत पाणी आलं. कारण सिगारेटशिवायचा तो माझा एकोणीस वर्षांतला पहिला पाऊस होता. पाऊसही कागदावर लिहिला. पुढच्या वर्षी तो नुसता पाऊस होता.

आता शुक्रवार. चुकून ओढली जाणं आणि 'एकच ओढीन' असं आधीपासून ठरवून जाणं यात फार फरक आहे. चुकून ओढली गेली तर अकरा दिवस पुसले जात नाहीत. ती विझवायची, उरलेली तिथेच मोडून टाकायची आणि दुसऱ्या सकाळी होतो तिथून पुढे चालायचं. पण ठरवून एक ओढलीस तर मेंदूला कळतं की हट्ट केला की मिळतं, आणि त्या जागेची गाठ पुन्हा घट्ट बसते. माझी सतराव्या दिवसाची ती 'एकच' होती. पुढच्या आठवड्यात पाकीट खिशात होतं. सुटी सिगारेट विकायला आपल्या राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी कुठल्याही टपरीवर मागितली की मिळते, आणि सुटी मिळते म्हणूनच 'एकच' इतकी सोपी वाटते.

तुला जमत असेल तर या पार्टीला जाऊच नकोस. मित्राला दुपारी वेगळा जेवायला ने, त्याला जास्त बरं वाटेल. जायचंच असेल तर दारू नको, निदान या वेळी. दोन पेगनंतर कुणाचाच निश्चय टिकताना मी पाहिलेला नाही. आत जाण्याआधी ज्याच्यावर तुझा विश्वास आहे अशा एकाला सांगून ठेव की मी मागितली तरी देऊ नकोस. सगळे ओढायला बाहेर निघाले की तू आतच थांब, त्याच वेळी घरी फोन लाव. गम खिशात ठेव, आणि ती घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं कोल्ड्रिंकचा ग्लास बाजूला ठेव. परतीची गाडी आधीच ठरव आणि जेवण झालं की रेंगाळू नकोस.

कागद आज रात्रीच कर. ऐरोलीची टपरी पहिली लिही, शुक्रवारची पार्टी दुसरी. शनिवारी सकाळी चहा घेण्याआधी पार्टीपुढे रेघ मार, आणि टपरीला अजून आठवडाभर हात लावू नकोस.