टॉन्सिलची पहिली बायोप्सी हातात आली की

पॅथॉलॉजीत नवीन आहेस, तेव्हा व्हायरसचे सगळे प्रकार पाठ करत बसू नकोस. आधी तुकडा नेमका कुठून घेतलाय ते विचार. एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूमुळे, विशेषतः त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकारामुळे होणारा कर्करोग मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होतो. आपल्याकडे रोज दिसणारा गालाचा, हिरडीचा कर्करोग बहुतेक तंबाखूचा; तिथे पी१६ स्टेन (एचपीव्हीची खूण म्हणून पी१६ हे प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी) सरसकट मागवू नकोस.

नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात:

- पी१६ जरासं रंगलं की 'पॉझिटिव्ह' लिहिणं. किमान ७० टक्के पेशींत, केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हींत, मध्यम ते गडद रंग हवा.
- निळ्या, केराटिन नसलेल्या पेशी पाहून 'पूअरली डिफरन्शिएटेड' (मूळ पेशींशी फारसं साम्य न उरलेला, म्हणजे वरच्या ग्रेडचा) म्हणणं. टॉन्सिलच्या एचपीव्ही कर्करोगाला ग्रेड देत नाहीत.
- चाळिशीपुढच्या माणसाच्या मानेतली पाणी भरलेली गाठ 'जन्मजात सिस्ट' म्हणून सोडून देणं. ही चूक रुग्णाला फार महागात पडते. ती बहुधा कर्करोग पसरलेली लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) असते, आतून पोकळ झालेली. भिंतीचे भरपूर तुकडे घे, सर्जनला टॉन्सिल तपासायला सांग.

त्या नोडमध्ये पी१६ निगेटिव्ह आलं, तर नाकामागचा भाग आणि तिथल्या कर्करोगाशी जोडलेला ईबीव्ही (एप्स्टाइन-बार व्हायरस) आठव; पेशींत तो शोधायला ईबर चाचणी असते.

स्टेजिंग (कर्करोग किती पसरलाय ते ठरवणं) नंतर बघू. उद्या जुन्या वीस-पंचवीस स्लाइड काढून ठेव, शेजारी बसून पाहू.