बाळ झालं म्हणून सिनेमा सोडू नकोस

अगं, मूल झालं की सिनेमा संपला, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. फक्त पहिलं वर्षभर अख्खा सिनेमा एका बैठकीत बघायचा हट्ट सोड. दुपारी बाळ झोपलं की मेथी निवडता निवडता अर्धा तास बघ, उरलेला रात्री. आवाज बारीक, सबटायटल लावून. आधी पाहिलेले, गाण्यांचे सिनेमे अशा वेळी बरे. रहस्यपटाची तुकड्यांत पार वाट लागते.

थिएटरला आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा खेळ गाठ, कडेची खुर्ची घे. बाळ रडलं तर पटकन बाहेर पडता येतं. पुढे मुलांना नेशील तेव्हा आधी सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघ. २०२४पासून यूए (म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायचे) सिनेमांत वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे वेगळे गट आहेत.

आणि अपराधी तर मुळीच वाटून घेऊ नकोस. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या पहिल्या सिनेमाच्या (१९१३) वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई पोरंबाळं सांभाळून, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून वर अंधारात फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, कॅमेऱ्यात ती सरकावी म्हणून. तू तर नुसती बघणार आहेस! महिन्यातला एक रविवार बाळाला बाबाकडे सोपव, दूध काढून ठेव आणि खुशाल एकटी जा.