सर्वधर्मीय गप्पा सुरू करताय? आधी एवढं सांभाळा

बेत छान आहे, आणि ठाण्यात माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. मासुंदा तलावाच्या आसपासच कौपिनेश्वराचं देऊळ आहे, सेंट जॉन चर्च आहे. बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) १८७९ पासून शहरात उभं आहे. पाच-सहा जणांपासून सुरुवात करा.

पहिली चूक होते ती वेळेची. शुक्रवारी सूर्यास्ताला ज्यूंचा शब्बाथ लागतो, रविवारी सकाळी ख्रिस्ती मंडळी मिस्साला जातात, कडक जैन अंधारात जेवत नाहीत. रविवारी दुपारी चारला बसा. रमजानात खाण्याचा कार्यक्रम ठेवूच नका.

मग हे पाहा:

- "तुमच्यात असं का?" ऐवजी "तुमच्या घरी काय करतात?" विचारा. मलिद्याचं, म्हणजे त्यांच्या नैवेद्याच्या ताटाचं, नाव काढा, बेने इस्रायली आजी भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाची प्रार्थना, सगळं अस्सल मराठीत सांगतील.
- मुंब्र्याहून आलेल्या मुसलमानाला बातम्यांतल्या घटनांचा जाब विचारू नका. तो कुणाचा प्रवक्ता नाही.
- नास्तिकाला "वेळ आली की देव आठवेल" ऐकवू नका. त्यानेही कुणाच्या नवसाची टिंगल करायची नाही.

"शेवटी सगळे धर्म एकच" हे वाक्य तर टाळाच. गप्पा तिथेच आटोपतात.

धर्मांतर, मांसाहार, निवडणुका हे विषय पुढे कधीतरी बघू. आणि व्हॉट्सॲप ग्रुप लगेच काढू नका. फॉरवर्ड सुरू झाले की चांगली माणसं आधी गळतात.