घरचे हायब्रीड मोहरीचे बी आणि भुकटी नसलेली फुले

प्रश्न (भिवापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचा): गेल्या रब्बीत हायब्रीड मोहरी पेरली. उतारा चांगला आला म्हणून त्यातलेच बी ठेवले. यंदा झाडे उंच-बुटकी आहेत आणि काही झाडांवर फुले भरपूर असूनही शेंगा अगदी तुरळक. खत कमी पडले का? शिवाय एक बियाणेवाले मोहरीच्या बीजोत्पादनाचा करार करा म्हणतात. करू का?

उत्तर: दादा, खताचा दोष नाही. उद्या सकाळी दव सुकले की, दहाच्या सुमारास, त्या कमी शेंगांच्या झाडाचे नुकते उमललेले फूल तोडा. चार पाकळ्यांच्या आत सहा पुंकेसर असतात, चार लांब आणि दोन आखूड. ते मोबाइलच्या काळ्या कव्हरवर घासा. चांगल्या फुलाची पिवळी भुकटी, म्हणजे पराग, लगेच उमटते. तुमच्या त्या झाडांचे पुंकेसर आखूड, सुकल्यासारखे असतील आणि कव्हर कोरेच राहील. ही झाडे नरवंध्य आहेत, म्हणजे त्यांना पराग येत नाही. हा रोग नव्हे. हायब्रीड बनवताना मुद्दाम वापरलेला गुण तुमच्या शेतात उघडा पडला आहे.

कपाशीचे क्रॉसिंग तुम्ही पाहिले असेल. संध्याकाळी बाया कळीतले पुंकेसर काढतात, सकाळी नराचे फूल त्यावर फिरवतात आणि एका बोंडातून पंचवीस-तीस सरक्या मिळतात. मोहरीत हा हिशेब करून बघा. हजार दाण्यांचे वजन ४ ते ५ ग्रॅम, म्हणजे किलोत दोन लाखांवर दाणे. एका शेंगेत बारा-पंधरा दाणे धरले तरी एक किलो बियाण्यासाठी पंधरा हजारांच्या आसपास फुले हाताने हाताळावी लागतील, तीही तांदळाएवढ्या कळ्या उकलून. मजुरीच परवडणार नाही. म्हणून मादी ओळच (ज्यावर बी धरायचे तो वंश) अशी घेतात, जिला स्वतःचा पराग नाही.

हे वंध्यत्व पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातून (पेशीला ऊर्जा देणाऱ्या घटकांतून) येते, आणि ते फक्त आईकडून मिळते. म्हणून तीन ओळी सांभाळाव्या लागतात. ए म्हणजे नरवंध्य मादी. बी तिची जुळी बहीणच, फक्त परागवाली. तिच्या परागावर ए ओळ पुढे चालते. आर म्हणजे नर, त्याच्याकडे वंध्यत्व झाकणारा जनुक असतो. ए आणि आर यांच्या संकराचे बी तुम्ही विकत घेतले, त्यातल्या प्रत्येक झाडाला बापाकडून तो जनुक मिळाला, म्हणून गेल्या वर्षी शेत भरले. पुढच्या पिढीत वाटणी होते आणि साधारण चारात एका झाडाच्या वाट्याला तो येतच नाही. अशा झाडावर ज्या थोड्या शेंगा धरतात त्या शेजारच्या झाडांच्या परागावर, मधमाशीच्या कृपेने. उंच-बुटकेपणही त्याच वाटणीतून आले. ज्वारीची हायब्रीड सीएसएच-१ १९६४ साली आली ती याच युक्तीवर. तिचे बी दरवर्षी नवे घ्यायचे, हे तुमच्या वडिलांना विचारा, त्यांना पाठ असेल.

यंदाचे पीक मोडू नका. तेलासाठी विका, पण बियाण्याला एक दाणाही ठेवू नका. घरचे बी ठेवायचेच असेल तर टीएएम १०८-१ किंवा शताब्दी (एसीएन-९) असा सरळ (हायब्रीड नसलेला) वाण घ्या. मोहरी बहुतांशी स्वतःच्याच परागावर धरते, तरी मधमाशा थोडी भेसळ करतातच. म्हणून बी प्लॉटच्या मधल्या भागातून निवडा, धुऱ्याकडचे नको.

हायब्रीड म्हणजे जीएम (प्रयोगशाळेत जनुक घालून बदललेले) का, हेही बरेच जण विचारतात. नाही. भरतपूरच्या संस्थेची एनआरसीएचबी ५०६ वर सांगितलेल्या तीन ओळींच्या पद्धतीची आहे. जीएम आहे ती डीएमएच-११. तिला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय परवानगी मिळाली, पण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे त्यावर एकमत झाले नाही.

आता करार. पैसा आहे, पण फुलोऱ्यात रोज सकाळी शेतात फिरणारा माणूस घरात असेल तरच घ्या. मादीच्या ओळीत परागवाले एखादे झाड निघतेच. ते त्याच सकाळी, मधमाशा जोरात येण्याआधी उपटायचे. दुपारी उपटलेले झाड आपले काम करून गेलेले असते. मागच्या हंगामाची उगवलेली मोहरी आणि शेजाऱ्याने हरभऱ्यात धुऱ्यावर टाकलेल्या दोन ओळी, प्लॉट नापास होतो तो बहुधा या दोन कारणांनी. विलगीकरण अंतर (दुसऱ्या मोहरीपासून प्लॉट किती लांब हवा ते) बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडून लेखी घ्या आणि शेजाऱ्याशी पेरणीपूर्वीच बोला. नर आणि मादी एकाच वेळी फुलल्या पाहिजेत, तेव्हा पेरणीच्या तारखा बियाणेवाल्यांनी दिल्याप्रमाणेच पाळा. फुलोरा संपला की नराच्या ओळी कापून शेताबाहेर काढा, नाहीतर मळणीत सगळे एक होते.

मादी ओळी पिवळ्या पडतात, ही जुनी ऐकीव गोष्ट तुमच्यापर्यंतही पोहोचली असेल. एके काळी ती खरी होती. मोरिकँडिया या रानटी वनस्पतीतून वंध्यत्व आणले तेव्हा तिचे हरितलवकही (पानांना हिरवेपणा देणारे पेशीतले घटक) सोबत आले आणि पाने फिकट राहिली. १९९०च्या दशकात दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनी पेशी जोडून ते लवक बदलले. आज मादी ओळ पिवळी दिसली तर आधी पाणी आणि गंधक तपासा.

जानेवारीत मावा आला तर फवारणी संध्याकाळी पाचनंतरच करा. मधमाशा मेल्या तर मादीच्या ओळी रिकाम्या राहतील, आणि त्याची भरपाई कोण देणार हे सही करण्याआधी करारात वाचून घ्या.