शेजारच्या प्लॉटकडे उतरणारा उभा उतार ढासळतोय. भिंत बांधावी की गवत लावावं?

तुम्ही लिहिलंय की वरचा प्लॉट तुमचा आणि खालचा शेजाऱ्यांचा. मधला उतार ९ फूट उंच, आडव्या मापात जेमतेम ६ फूट, आणि दर पावसाळ्यात माती त्यांच्या अंगणात उतरते. पायथ्याशी ९ इंची विटांची भिंत घालायची की उतारावर गवत लावायचं, असा तुमचा प्रश्न आहे. नुसतं गवत इथे पुरणार नाही, आणि ती विटांची भिंत तर बांधूच नका. आधी पाण्याचा बंदोबस्त करा.

९ फूट उंचीला ६ फूट आडवं म्हणजे साधारण ५६ अंश. कोरड्या वाळूचा ढीग ३० ते ३५ अंशांवर स्थिरावतो. त्याहून उभा उतार तग धरतो तो मातीच्या चिकटपणावर आणि मुळांच्या पकडीवर. आत पाणी मुरलं की मातीचं वजन वाढतं, चिकटपणा घटतो आणि कणांमधलं पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटतं. म्हणूनच उन्हाळाभर ठणठणीत दिसणारा उतार मोठ्या पावसात एकाएकी बसतो.

तेव्हा पहिलं काम माथ्यावर. छपराचं पाणी कुठे पडतं ते बघा. १००० चौरस फुटांच्या छपरावर १ इंच पाऊस झाला तर सुमारे २३५० लिटर पाणी उतरतं. ते उताराच्या कडेला सुटत असेल तर खाली काहीही बांधलंत तरी ते धोक्यातच राहील. टाकीचा ओव्हरफ्लो, बागेची नळी, गळका पाइप, सगळं तपासा. शोषखड्डा माथ्याजवळ असेल तर तो हलवावाच लागेल, कारण तो वर्षभर उताराच्या पोटात पाणी सोडत असतो. मग कडेपासून (खाली सांगितल्याप्रमाणे माथ्याची माती उतरवणार असाल तर नव्या कडेपासून) ३ फूट आत, १ फूट रुंद आणि १ फूट खोल चर काढा, १०० फुटांना १ फूट उतार द्या आणि आतून काँक्रीटचं अस्तर करा. कच्चा चर नसलेला बरा. तो पाणी वाहून नेण्याऐवजी जिरवतो, तेही नेमकं नको तिथे. चराचं पाणी बंद पाइपमधून थेट गटारापर्यंत न्या. शेजाऱ्यांच्या अंगणात तोंड उघडं सोडू नका.

चर आखताना कडेला समांतर भेगा दिसतात का ते बघा. भेग दिसली की दोन्ही बाजूंना एकेक लांब खिळा ठोका, दोन खिळ्यांमधलं अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवा आणि दर आठवड्याला मोजा. भेगेत काँक्रीट ओतू नका, वजन वाढेल आणि हालचाल लपेल. चिकणमाती ठासून भरा आणि वर ताडपत्री टाका. अंतर वाढत असेल, किंवा पायथ्याशी मातीला फुगवटा आला असेल, तर पुढचं काही स्वतः करू नका. माती तपासणाऱ्या इंजिनिअरला बोलवा. घराचा पाया कडेपासून ९ फुटांच्या आत असेल तरीही तेच.

आता विटांच्या भिंतीबद्दल. कंपाउंडची भिंत हद्द दाखवायला असते, माती अडवायला नाही. ६ फूट उंच भिंतीमागे चांगला मुरमाचा कोरडा भराव असेल तर दर फूट लांबीला साधारण ३०० किलोचा आडवा रेटा येतो. त्याच भरावात वरपर्यंत पाणी साचलं की तो ७०० किलोच्या आसपास जातो. शिवाय उंची दुप्पट केली की रेटा चौपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. विटांची बारीक भिंत आधी मधोमध पोट काढते, मग आडवी चिरते. वरून ओळंबा सोडला तर हे डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी कळतं.

तुमच्या मापांत मी असं सुचवेन: पायथ्याला ४ फूट उंच जाड दगडी किंवा गॅबियनची (दगडांनी भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्यांची) भिंत, आणि तिच्यावरची ५ फूट उंची दीडास एक उतारात, म्हणजे १ फूट उंचीला दीड फूट आडवं. उताराला साडेसात फूट लागतात, भिंतीच्या बुडाला ३ फूट. एकूण साडेदहा. तुमच्याकडे ६ आहेत, म्हणजे वरच्या अंगणातून साडेचार फूट सोडावे लागतील. जागा सोडणं जिवावर येतं, हे मला कळतं. पण ती न सोडता संपूर्ण ९ फूट अडवायचे तर आरसीसीची भिंत लागते. तिचा तळ ५ ते ६ फूट रुंद, डिझाइन इंजिनिअरचं, आणि खर्च कितीतरी पटींनी जास्त.

क्रम चुकवू नका. माती आधी माथ्यावरून उतरवा, पायथा त्यानंतर खणा. पायथ्याची माती वरच्या मातीला टेकू देत असते. तिथे एकदम लांबलचक खंदक काढला की उतार त्यात येऊन बसतो, आणि खंदकात माणसं असतात. काम कोरड्या दिवसांत धरा. पायाचे ५-५ फुटांचे तुकडे पाडा आणि एक सोडून एक खणा. पहिला तुकडा बांधून भरल्याशिवाय शेजारचा उघडू नका.

पाया किमान दीड फूट खोल, न हललेल्या घट्ट जमिनीत. बुडाची रुंदी ३ फूट म्हटलं ते मुद्दाम: मागची माती सपाट असती तर उंचीच्या निम्मी चालली असती, पण तुमच्या भिंतीमागे उतार चढतोय, त्यामुळे रेटा जास्त येतो. भिंत ६ अंश आत, मातीकडे कललेली ठेवा. गॅबियनमध्ये ४ ते ८ इंचांचे कठीण दगड हातानं लावून भरा, टोपलीनं ओतू नका. दर फुटाला पुढची आणि मागची जाळी तारेनं एकमेकींना बांधा, नाहीतर दर्शनी बाजू पिशवीसारखी फुगते.

भिंतीमागे जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, लावाच. ते नसेल तर बारीक माती दगडांतून निसटत राहते, मागे पोकळी होते आणि वरची जमीन खचते. चुन्यात किंवा सिमेंटमध्ये दगड बांधणार असाल तर कापडाच्या पुढे १ फूट जाडीचा खडीचा थर, तळाशी ४ इंची सच्छिद्र पाइप (भोकं खालच्या बाजूला), आणि भिंतीत दर ५ फुटांवर ३ इंची पाइपाचे वीप होल (मागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं), बाहेर झुकते. वीप होलचं आतलं तोंड खडीतच उघडलं पाहिजे. थेट मातीला टेकवलेलं तोंड एक तर बुजतं, नाहीतर त्यातून माती वाहून जाते.

भराव मुरमाचा घ्या. काळी माती नको, ती भिजली की फुगते आणि भिंतीला ढकलते. ६-६ इंचांचे थर टाकून धुम्मसनं ठोका. ओल किती हवी? मूठभर माती दाबून गोळा करा. तो हातात टिकला आणि वरून टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर ठीक; भुगा झाला तर पाणी कमी, चपटा होऊन चिकटला तर जास्त. भिंतीपासून ३ फुटांत जड यंत्र आणू नका.

वरच्या उतारावर वाळा लावा. लॉनच्या मुळ्या काही इंचांत संपतात, वाळ्याच्या चांगल्या जमिनीत ६ ते १० फूट सरळ खाली जातात. दर ४ ते ६ इंचांवर एक फुटवा, ओळ अगदी समतल, आणि दोन ओळींत ३ फूट उंचीचा फरक. ओळ तिरकी गेली तर पाणी तिच्या कडेनं धावून घळ पाडतं. मुळं धरेपर्यंत काथ्याची जाळी अंथरा. तिचं वरचं टोक १ फूट खोल चरात पुरा. वाळ्याला ऊन लागतं, दाट सावलीत तो मरतो. उतारावर आधीची झाडं असतील तर साफसफाईच्या नावाखाली तोडू नका. मेलेली मुळं काही वर्षांत कुजतात आणि पकड तेव्हा सुटते, जेव्हा तोडल्याचं कुणाला आठवतही नाही.

कुदळ मारण्याआधी हद्द मोजून घ्या आणि शेजाऱ्यांशी बोला. भिंतीचा पाया कुणाच्या जागेत, पाणी कुठून जाणार, चर कोण साफ करणार, दुरुस्तीला त्यांच्या अंगणातून जाता येईल का, हे कागदावर उतरवून दोघांनी सह्या करा. बऱ्याच ठिकाणी ४ फुटांवरच्या भिंतीला परवानगी लागते, तेही आधीच विचारा.

पहिल्या जोरदार पावसानंतर पाइपांच्या तोंडाशी जाऊन बघा. नितळ पाणी येत असेल तर भिंत आपलं काम करतेय. पहिल्या एक-दोन सरींत थोडं गढूळ चालेल. त्यानंतरही गढूळच येत राहिलं, तर आतून माती चाललीय. तेवढा भाग पाऊस थांबताच उघडून कापड कुठे फाटलंय ते शोधा.